गळतं, पण जात कुठंच नाही

इंदूरच्या आमच्या मराठी मंडळात एक जुना कॉम्प्युटर आहे. सभागृहाचं बुकिंग, वाचनालयाची देवघेव, वर्गणीच्या पावत्या, सगळा कारभार त्याच्यावर. लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टीम, म्हणजे कॉम्प्युटर चालवणारं मूळ सॉफ्टवेअर, मीच घालून दिली होती, त्यामुळे बोल लावायचा तर मलाच. टेबलाच्या वर भिंतीवर कार्यवाह काकांच्या अक्षरात एक कागद डकवलेला होता: ‘दर सोमवारी बंद करून पुन्हा चालू करणे.’ एखादा सोमवार चुकला की त्याच आठवड्यात बुधवार-गुरुवारकडे यंत्र जड व्हायला लागे. पावती निघायला पाच-पाच मिनिटं लागत, आणि मग ऐन लगीनसराईत बुकिंगचा डेटाबेस आपोआप बंद पडे.

काकांनी एकदा विचारलंच. “बंद करून चालू केल्यानं नेमकं होतं काय रे? झोप मिळते का त्याला?”

मी म्हटलं, “काका, कर्नलमध्ये मेमरी लीक आहे.”

“कर्नल? महूचे का?”

इंदुरात हा प्रश्न अगदी रास्त आहे. महूची छावणी इथून हाकेच्या अंतरावर, आणि तिथले निवृत्त कर्नल मंडळाच्या कार्यक्रमांना पहिल्या रांगेत असतात. पण हा कर्नल वेगळा. त्या दिवशी काकांना जे अर्धवट सांगितलं, ते इथे नीट सांगून बघतो.

लग्नघरात कोठी एकाच माणसाच्या हातात असते. तूप पाहिजे, परात पाहिजे, ओगराळं पाहिजे, तर सगळ्यांनी त्याच्याकडे जायचं. आचाऱ्यानं थेट कोठीत शिरून डबे उघडायचे नाहीत. ऑपरेटिंग सिस्टीममध्ये हा कोठीवरचा माणूस म्हणजे कर्नल. ब्राउझर असो, डेटाबेस असो, पावत्यांचं सॉफ्टवेअर असो, मेमरी पाहिजे तर कर्नलकडे मागायची, डिस्कवर लिहायचं तर कर्नलला सांगायचं. लिनक्सचा कर्नल १९९१ मध्ये लिनस टोरवाल्ड्स यांनी लिहायला घेतला आणि तो आज सर्व्हरपासून अँड्रॉइड फोनपर्यंत सगळीकडे आहे.

आता मेमरी लीक. मराठीत आपण सरळ ‘मेमरीची गळती’ म्हणतो, आणि माझ्या मते तिथेच गोंधळ सुरू होतो. गळती म्हटलं की आम्हा इंदूरकरांच्या डोळ्यांसमोर नर्मदेची पाइपलाइन येते. मंडलेश्वरजवळच्या जलूदहून पंपांनी विंध्याचा चढ चढवून आणलेलं पाणी वाटेत कुठे फुटलं, तर रस्ता भिजतो, खड्डा पडतो, चार लोक बघायला जमतात. पाणी गेलं हे दिसतं. मेमरीचं तसं होत नाही. मेमरीची पट्टी जिथल्या तिथे असते, तिच्यातला एक बाइटसुद्धा बाहेर पडत नाही. फक्त त्या जागेवर ‘दिलेली आहे’ असा शिक्का राहतो, आणि कोणाला दिली, कशासाठी दिली, हे आठवणारं कोणी उरत नाही.

त्यापेक्षा मंडळाच्या भांड्यांचा दाखला चांगला. आमची पातेली, ताटं, वाट्या मुंजी-बारशांना भाड्यानं जातात. वहीत नोंद होते, भांडी परत आली की नोंदीवर काट मारली जाते. आता समजा पंचवीस ताटं गेली आणि ज्या चिठ्ठीवर पत्ता होता ती चिठ्ठीच हरवली. वही म्हणते ताटं बाहेर आहेत. ताटं कुठल्या तरी माळ्यावर पडून आहेत, वापरतही कोणी नाही. ना ती परत मागता येत, ना दुसऱ्याला देता येत. असं दर आठवड्याला होत राहिलं तर एक दिवस मंडळाकडे एकही ताट शिल्लक नसेल, आणि चोरी तर झालेलीच नसेल.

साध्या प्रोग्रॅमकडून अशी गळती झाली तर फार बिघडत नाही. ब्राउझर फुगला की आपण तो बंद करतो. बंद होताच कर्नल वही उघडतो आणि त्या ब्राउझरच्या नावावरचं सगळं परत घेतो. पण विसरणारा खुद्द कर्नलच असेल तर? त्याच्या नावावरचं परत घ्यायला त्याच्या वर कोणीच नाही. शिवाय लिनक्स कर्नल स्वतःची मेमरी स्वॅपमध्येही, म्हणजे मेमरी अपुरी पडली की वापरायच्या डिस्कवरच्या जागेतही, हलवत नाही, ती खऱ्या पट्टीतच बसून राहते. मशीन बंद केलं की अख्खी वही फाटते, नवी सुरू होते. काकांचा सोमवार म्हणजे हेच.

हे विसरणं होतं कसं, ही मला यातली सगळ्यात मानवी गोष्ट वाटते. कर्नल मुख्यतः सी भाषेत लिहिलेला आहे. तिथे मेमरी मागायची तर केमॅलॉक, परत करायची तर केफ्री, आणि हे दोन्ही प्रोग्रॅमरनं स्वतः लक्षात ठेवून लिहायचं. सगळं सुरळीत चाललं तर तो सहसा विसरत नाही. विसरतो तो बेत मोडल्यावर. लग्नासाठी सभागृह घेतलं, भांडी नेली, मांडववाल्याला विसार दिला, आणि चौथ्या पायरीवर आचारी म्हणाला, मी येत नाही. मग सगळेच कपाळाला हात लावून घरी जातात, आणि भांडी तिथेच राहतात. कोडमध्येही हुबेहूब असंच. पहिल्या पायरीवर मेमरी घेतली, दुसरीवर आणखी घेतली, तिसरी पायरी फसली आणि फंक्शन, म्हणजे एकेक काम करणारा कोडचा तुकडा, ‘चूक झाली’ एवढं सांगून परत फिरलं. पहिल्या दोन पायऱ्यांचं देणं तसंच राहिलं. ही वाट महिनोन्‌महिने कोणी चालत नाही, म्हणून तपासणीतही सापडत नाही.

२०१९ च्या नोव्हेंबरात लिनक्स कर्नलमधल्या अशाच गळत्यांना सीव्हीई क्रमांकांची रांगच लागली. सीव्हीई म्हणजे सुरक्षेच्या दोषांना जगभर चालणारा नोंदणी क्रमांक. त्यातला सीव्हीई-२०१९-१९०६२ हा क्रमांक सांकेतिक लिपीची, म्हणजे क्रिप्टोची माहिती देणाऱ्या एका फंक्शनचा. आतली एक पायरी फसली की हातातली मेमरी सोडायची राहत होती. त्याच रांगेतल्या सीव्हीई-२०१९-१९०४६ वर मात्र वाद झाला. गळती होती, हे मान्य. पण ती यंत्र सुरू होताना एखादं उपकरण जोडलं जाण्याच्या वेळची, आणि नेमकी ती पायरी बाहेरच्या माणसाला मुद्दाम फसवता येणार कशी? मग याला सुरक्षेचा दोष का म्हणायचं?

मला हा आक्षेप पटतो. गळती असणं वेगळं आणि ती दुसऱ्याच्या हातात असणं वेगळं. हा फरक आकड्यांत बघू. समजा एका वेळी ५१२ बाइट अडकतात आणि असं सेकंदाला दहा वेळा होतं. दिवसाचे झाले ४४ कोटी २३ लाख बाइट. ४ जीबीची मेमरी भरायला साडेनऊ दिवसांहून थोडे जास्त लागतील. ही कटकट आहे, सोमवारच्या कागदानं निभते. आता तीच गळती कोणत्याही साध्या वापरकर्त्याला हवी तेव्हा घडवता येते असं धरा. त्यानं एक छोटा प्रोग्रॅम लिहून सेकंदाला लाख वेळा ती घडवली, तर तेवढीच मेमरी दीड मिनिटाच्या आत संपते. आणि एकाच सर्व्हरवर पन्नास गिऱ्हाइकांचे कंटेनर, म्हणजे प्रोग्रॅमांचे वेगवेगळे कप्पे, असतील तर सगळ्यांचा कर्नल एकच असतो. एकानं नळ सोडला की पन्नासही घरांच्या टाक्या कोरड्या.

मेमरी संपत आली की लिनक्स आपला शेवटचा उपाय काढतो. त्याचं नाव ओओएम किलर, म्हणजे मेमरी संपल्यावर कोणाला तरी मारणारा. जास्त मेमरी खाणारा प्रोग्रॅम मुख्यतः तो निवडतो आणि बंद करतो. बऱ्याचदा तो डेटाबेसच असतो. आमचं बुकिंग पडायचं ते असं. गंमत अशी की गळालेली मेमरी कुठल्याच प्रोग्रॅमच्या नावावर नसते, त्यामुळे खरा गुन्हेगार यादीतच येत नाही. एक निरपराध गेला, थोडी जागा झाली, तीही गळतीनं खाल्ली, मग दुसरा निरपराध. मारायला कोणीच उरलं नाही की कर्नल स्वतःच हात टेकतो.

इथपर्यंत नुकसान म्हणजे यंत्र बंद पडणं. बहुतेक लोक इथेच थांबतात, आणि म्हणून मेमरी लीक म्हटलं की “रीस्टार्ट मारा” यापलीकडे कोणी जात नाही. पण एका प्रकारच्या गळतीतून थेट घराची मालकी हाती येऊ शकते. ते प्रकरण जानेवारी २०१६ चं.

त्याआधी मोजणीची पद्धत कळायला हवी. कर्नलमधली एखादी वस्तू एकाच वेळी अनेक जण वापरत असतात. ती परत कधी घ्यायची? तर शेवटचा माणूस गेला की. म्हणून प्रत्येक वस्तूवर एक आकडा असतो: आत्ता किती जण वापरताहेत. आमच्या सभागृहाच्या दारावर असा फलक आहे असं समजा. दोन बटणं. कोणी आत आलं की पहारेकऱ्यानं अधिकचं दाबायचं, बाहेर गेलं की उणेचं. फलकावर शून्य दिसलं की सभागृह रिकामं, कुलूप लावायचं, पुढच्या पार्टीला किल्ली द्यायची. एखादा जाताना उणेचं बटण दाबायचं राहिलं तर? आकडा कधीच शून्यावर येणार नाही, सभागृह रिकामं असूनही अडकून पडेल. हीही गळतीच, फक्त मोजणीतली.

पण फलकाला चारच घरं आहेत. ९९९९ नंतर काय? जुन्या स्कूटरच्या किलोमीटरच्या आकड्यासारखं, पुन्हा ००००. आता कोणी हट्टाला पेटून नुसतं अधिकचंच बटण दाबायला लावत राहिला, तर एक क्षण असा येतो की आत माणसं जेवायला बसलीत आणि फलकावर शून्य आहे. पहारेकरी म्हणणार, “साहब, अंदर तो कोई नहीं है, देखो ज़ीरो है.” आणि किल्ली दुसऱ्या पार्टीला देणार.

२०१६ च्या दोषात हेच घडलं. क्रमांक सीव्हीई-२०१६-०७२८. पर्सेप्शन पॉइंट या इस्रायली कंपनीच्या संशोधकांनी तो शोधला. कर्नलमध्ये पासवर्ड, प्रमाणपत्रं वगैरे ठेवायला किल्ल्यांचे जुडगे असतात, आणि कोणताही प्रोग्रॅम नाव सांगून एखादा जुडगा मागू शकतो. प्रोग्रॅमनं स्वतःकडे आधीच असलेलाच जुडगा पुन्हा मागितला की कर्नल नावावरून तो शोधायचा, आकडा एकनं वाढवायचा, मग त्याच्या लक्षात यायचं की अरे, हा तर याच्याकडेच आहे! आणि तो परत फिरायचा. वाढवलेला एक कमी न करताच. सभागृहातलाच माणूस दाराशी येऊन “आत येऊ का?” विचारतोय आणि पहारेकरी दर वेळी अधिकचं बटण दाबतोय, असा प्रकार. फेब्रुवारी २०१३ मध्ये आलेल्या ३.८ आवृत्तीपासून ही चूक तिथे होती, म्हणजे जवळजवळ तीन वर्षं.

हा आकडा ३२ बिटांचा. म्हणजे ४,२९,४९,६७,२९६ वेळा मागितलं की फिरून मूळ जागी. माणसाला हे अशक्य वाटतं. संशोधकांच्या कोअर आय-सेव्हन लॅपटॉपच्या प्रोसेसरवर सगळा खेळ अर्ध्या तासात आटोपला. सेकंदाला सुमारे चोवीस लाख वेळा. आकडा शून्यावर आला, कर्नलनं जुडगा वापरात नाही समजून त्याची जागा मोकळी केली. पण हल्ला करणाऱ्याच्या हातात त्या जागेचा पत्ता अजून आहे. तो लगेच तिथे आपल्या मर्जीचा मजकूर भरतो. कर्नलला मात्र वाटतं की तिथे आपलाच जुडगा आहे. ‘हा जुडगा रद्द करायचा तर अमुक ठिकाणचं काम कर’ असा जो पत्ता तिथे लिहिलेला असायचा, तो आता हल्ला करणाऱ्यानं लिहिलेला असतो. कर्नल निमूटपणे त्या पत्त्यावर जातो आणि पूर्ण अधिकारानिशी चोराचं काम करून देतो. साधा वापरकर्ता रूट होतो, म्हणजे घरमालक.

दुरुस्ती केवढी होती? एका ओळीची. परत फिरण्याआधी एक वजा करा, बस.

किती यंत्रांना धोका होता यावर तेव्हा बरीच तू-तू मैं-मैं झाली. पर्सेप्शन पॉइंटनं ६६ टक्के अँड्रॉइड उपकरणांचा आकडा दिला, गूगलनं तो फार फुगवलेला आहे असं उत्तर दिलं. त्या वादापेक्षा त्यानंतर जे केलं गेलं ते मला जास्त रोचक वाटतं. २०१७ मध्ये कर्नलच्या ४.११ आवृत्तीत मोजणीसाठी नवा आकडा आला, त्याचं नाव रेफकाउंट_टी. तो टोकाला पोचला की फिरून शून्यावर येत नाही, तिथेच अडकून बसतो, कायमचा. म्हणजे त्या वस्तूची जागा पुन्हा कधीच मोकळी होणार नाही. थोडक्यात, गळती होणार. पहारेकऱ्याला सांगितलंय, फलक भरला तर सभागृह कायमचं बंद राहिलं तरी चालेल, पण आत माणसं असताना किल्ली द्यायची नाही. मेमरी लीक हा ज्यांच्या लेखी दोष, त्यांनीच ती औषध म्हणून वापरली. व्यवहारी मंडळी आहेत.

अशा गळत्या शोधायच्या कशा? कर्नलमध्येच २००९ पासून केमेमलीक नावाचा शोधक आहे. दिलेल्या प्रत्येक तुकड्याची तो नोंद ठेवतो, मग दर दहा मिनिटांनी मेमरी चाळून बघतो की या तुकड्याचा पत्ता कुठे लिहिलेला आहे का. एकाही चिठ्ठीवर पत्ता नाही, म्हणजे ताटं हरवली. छान युक्ती आहे, पण खर्चीक. म्हणून रोजच्या वापरातल्या कर्नलमध्ये ती सहसा बंद असते. आणि किल्ल्यांच्या जुडग्यासारख्या प्रकरणात ती गप्पच बसेल, कारण जुडग्याचा पत्ता हरवलेलाच नव्हता, चुकली होती फक्त मोजणी. बेत मोडल्यावरच्या वाटा तपासायला दुसरी युक्ती आहे: मुद्दाम बेत मोडायचा. कर्नलला सांगता येतं की मेमरी मागितली की अधूनमधून खोटंच ‘नाही’ म्हण. गूगलचं सिझकॉलर हे साधन कर्नलवर वेड्यावाकड्या मागण्यांचा मारा करतं आणि कुठे काय निसटतं ते टिपतं.

कोड लिहितानाच चूक टाळावी, असेही प्रयत्न आहेत. २०२३ च्या ६.५ आवृत्तीपासून सी मध्येच अशी सोय झाली की फंक्शन कुठूनही बाहेर पडलं तरी घेतलेली मेमरी आपोआप परत जाते. रस्ट ही भाषा २०२२ च्या शेवटी, ६.१ मध्ये कर्नलात आली. तिच्यात परत करणं भाषाच सांभाळते. पण रस्ट आली म्हणजे गळती संपली असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. मोकळी झालेली जागा चुकून वापरण्यापासून ती वाचवते, गळती रोखण्याची हमी ती देत नाही.

एक घोळ जाता जाता मिटवतो. बातम्यांत ‘मेमरीतून माहितीची गळती’ असं येतं, ते प्रकरण वेगळं. २०१४ चं हार्टब्लीड नावाचं प्रकरण त्यातलं, आणि ते कर्नलमध्ये नव्हतंच, ओपनएसएसएल या लायब्ररीत, म्हणजे इतर प्रोग्रॅमांनी वापरायच्या तयार कोडच्या संग्रहात होतं. तिथे जागा अडकत नाही. जागेतला मजकूर बाहेर पडतो, तोही एका दमात ६४ केबीपर्यंत. तिथे मात्र गळती हा शब्द शोभतो.

आता मंडळाचा कॉम्प्युटर. एका रविवारी पोहे-जिलेबी आटोपून बसलो. चालू प्रोग्रॅमांची यादी दाखवणारी टॉप ही आज्ञा दिली, सगळ्या प्रोग्रॅमांच्या मेमरीची बेरीज केली आणि वापरलेल्या एकूण मेमरीशी ताडून पाहिली. दोन जीबीहून जास्त फरक. कोणाच्याच नावावर नसलेली मेमरी, म्हणजे संशय कर्नलवर. मेमइन्फो या मेमरीचा हिशेब दाखवणाऱ्या फाइलमध्ये ‘एसअनरिक्लेम’ नावाची एक ओळ असते, कर्नलनं घेतलेली आणि परत मिळण्याजोगी नसलेली मेमरी. ती तासातासाला वाढत होती. कर्नलच्या मेमरीचे ढीग दाखवणारं स्लॅबटॉप हे साधन लावल्यावर दिसलं की फुगतोय तो ५१२ बाइटच्या तुकड्यांचा ढीग. विंडोजवर हेच काम पूलमॉन नावाचं साधन करतं.

मग एकेक उपकरण काढून पाहिलं. वायफायसाठी आणलेली स्वस्तातली यूएसबी डोंगल काढली आणि आकडा जागेवर थांबला. तिचा ड्रायव्हर, म्हणजे ती चालवणारं सॉफ्टवेअर, कर्नलसोबत येणारा नव्हता, सोबतच्या सीडीवरून मीच घातला होता. ड्रायव्हर कर्नलच्या आतच बसतो, त्यामुळे त्याचा विसराळूपणा हा कर्नलचाच विसराळूपणा. डोंगल खणात गेली, वाचनालयाच्या खिडकीतून एक लांब वायर आली.

त्यानंतर तीन आठवडे यंत्र बंद केलं नाही, आकडा हलला नाही. मी काकांना म्हटलं, कागद काढा आता. पण कर्नलचं अपडेट आलं की ते लागू व्हायला बहुतेक वेळा यंत्र बंद करून चालू करावंच लागतं, नाहीतर डिस्कवर नवा कर्नल आणि कामावर जुनाच राहतो, हेही सांगणं भाग होतं. काकांनी चष्मा लावला, खिशातलं पेन काढलं, ‘दर सोमवारी’ खोडून त्यावर ‘कर्नल बदलल्यावर’ असं लिहिलं. महूच्या साहेबांनी तो कागद वाचला तर काय वाटेल, ही काळजी आता त्यांची.